पायगुण

शिकवणीच्या गाडीचा एक कायदा असतो, कुठे लिहिलेला नसला तरी. इंजिन बंद पडलं की गुन्हेगार स्टिअरिंगवर बसलेला. चौकशी नाही, साक्षीपुरावा नाही. "क्लच सोडलात ना झटकन!" झाला निकाल. मास्तरीण बावीस वर्षं हाच निकाल देत आली होती आणि त्यावर अपील नव्हतं.

ही मास्तरीण मुळात ड्रायव्हिंग स्कूलमध्ये टेबलामागे बसून लोकांचे फॉर्म भरायची. बायका यायच्या, "शिकवायला बाई नाही का?" विचारायच्या आणि आल्या पावली परत जायच्या. तिने मालकाला सांगितलं, मी शिकवते. मालक हसला. म्हणाला, "बाई, तुम्ही आपले फॉर्म भरा." तिने भरला, स्वतःचाच, आणि आठ महिन्यांनी शिकवायचा परवाना त्याच्या टेबलावर आपटला. पुढे मालकाने दुकान गुंडाळलं तेव्हा ही गाडी तिने घेतली. छपरावर लाल पाटी, आणि शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक, शिकवणाऱ्याच्या पायासाठी. तेव्हाही लोक म्हणाले, जुनी आहे, नको घेऊस. कुणी 'नको' म्हटलं की मास्तरीण ती गोष्ट करणारच, तिचा स्वभावच तसा.

त्या गाडीला सगळे म्हातारी म्हणत. गेल्या हिवाळ्यापासून म्हातारीचं काहीतरी बिनसलं होतं. उभी असली की थरथरायची, खोकायची, आणि निघायच्या वेळी नेमकी मान टाकायची. गॅरेजवाल्याने प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला, फिल्टर नवा घातला. बॉनेट उघडून शेजारी उभा राहिला की म्हातारी शहाण्यासारखी चालायची. रस्त्यावर आली की पुन्हा तेच.

"आता सोडा हिला," गॅरेजवाला म्हणाला. "वय झालं."

"वय तुझंही झालंय," मास्तरीण म्हणाली. "तुला सोडलं का कुणी?"

हे असं चाललेलं असताना मास्तरणीच्या मोठ्या जाऊबाई शिकायला आल्या होत्या. वय वर्षं चोपन्न. शाळेचे गणवेश शिवायच्या, आणि कापडाचे गठ्ठे पोचवायला दरवेळी कुणाच्या तरी दारात उभ्या राहायच्या. "एकदा शिकव गं मला," त्या म्हणाल्या होत्या. "जन्मभर लोकांना 'जरा सोडता का?' विचारून तोंड दुखलं माझं."

पण जाऊबाई बसल्या की म्हातारी हमखास बंद पडायची. परीक्षेत दोनदा तेच झालं, दोन्ही वेळा चढावर. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी कागदावर लिहिलं, आत्मविश्वास कमी. आणि घरी मोठे भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, खो खो हसले. "पायगुण!" म्हणाले.

हा शब्द त्या घरात जुना होता. जाऊबाई लग्न होऊन आल्या त्याच आठवड्यात सासरे शिडीवरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. कुणीतरी म्हणालं, नव्या सुनेचा पायगुण. झालं! मिक्सर जळला, पायगुण. नळाचं पाणी गेलं, पायगुण. एकतीस वर्षं थट्टेथट्टेत एका बाईला सांगत राहायचं की तू पाऊल टाकतेस तिथे वाटोळं होतं, ही कसली डोंबलाची थट्टा? मास्तरणीचं डोकं फिरायचं. भाऊजींना ती तोंडावर बोललीही होती. पण गाडीत तीच काय म्हणायची? "पाय कुठे असतात हो तुमचे, जाऊबाई?"

तिसरी परीक्षा शुक्रवारी होती. शनिवारी लर्निंग लायसनची मुदत संपत होती, आणि ही वेळ हुकली तर पुन्हा फॉर्म भरायचा नाही, असं जाऊबाईंनी ठरवून टाकलं होतं. सोमवारी सकाळी सरावाला निघताना गाडी दारातच तीनदा बंद पडली. चौथ्यांदा चालू झाली तेव्हा जाऊबाईंनी गिअर काढला, हँडब्रेक ओढला, चपला काढल्या आणि दोन्ही पाय वर घेऊन त्या सीटवर मांडी घालून बसल्या.

"बास. हे म्हणतात तेच खरं. माझ्या पायातच खोट आहे."

"मूर्खासारखं बोलू नका!" मास्तरीण ओरडली. "एकतीस वर्षं ऐकून घेतलंत, आता तुम्ही स्वतःच म्हणायला लागलात?" आणि रागाच्या भरात तिने पाय आपटला, तो बसला तिच्या बाजूच्या ब्रेकवर.

फुस्स, असा बारीक आवाज आला. म्हातारी थरथरली, खोकली आणि बंद पडली.

मग जाऊबाई आपल्या मांडीकडे बघत हळूच म्हणाल्या, "अगं, माझे पाय तर वर आहेत."

मास्तरणीने गाडी पुन्हा चालू करायला लावली. ब्रेक दाबला: फुस्स, थरथर, बंद. ब्रेक सोडून चालू केली तर कशी झकास चालली! पाच वेळा करून पाहिलं. आणि मग तिला एकेक आठवायला लागलं. स्वतः चालवताना थांबली की तिचा पाय सवयीने ब्रेक सोडून ॲक्सिलरेटरला जरा डिवचायचा, म्हणून तिच्या हातात म्हातारी तग धरायची. आणि शिकणारा निघाला की तिचाच पाय, न सांगता, न विचारता, दुसऱ्या ब्रेकवर जाऊन बसायचा. भरवसा नाही म्हणून. परीक्षेत त्या जागी साहेब बसायचे. त्यांचाही पाय तिथेच.

"जाऊबाई," ती म्हणाली, "पायगुण माझा होता हो. मी तुमच्यावर ओरडत राहिले, आणि गाडी माझ्या पायाने बंद पडत होती."

जाऊबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मग रडतेस काय? चल त्या गॅरेजवाल्याकडे. त्यालाही दाखवू."

गॅरेजवाल्याने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. तो कायम बाहेर उभा राहून तपासत होता, ब्रेकवर पाय ठेवायला आत कुणी नव्हतंच. ब्रेक हलका लागावा म्हणून इंजिनाला नळीने जोडलेला एक गोल डबा असतो, बूस्टर म्हणतात त्याला. त्याने ती नळी काढून तोंड बुचाने बंद केलं आणि जाऊबाईंना ब्रेक दाबायला सांगितला. ब्रेक दगडासारखा लागला, पण इंजिन हललंसुद्धा नाही. डब्याच्या आतलं रबर फाटलं होतं. ब्रेक दाबला की नको ती हवा तिथून इंजिनात शिरत होती.

"हा डबा आता नवा मिळायचा नाही," तो म्हणाला.

"मग जुना शोध. गुरुवारपर्यंत," मास्तरीण म्हणाली. तो काहीतरी बोलणार होता, पण तिचा चेहरा बघून नुसताच हो म्हणाला. गुरुवारी सकाळी त्याने कुठूनतरी त्याच जातीच्या गाडीचा धडधाकट डबा आणून बसवला. दुपारभर मास्तरीण फोन घेऊन बसली. हिवाळ्यापासून ज्यांनी ज्यांनी शिकणं सोडलं होतं त्या सगळ्यांना तिने स्वतः सांगितलं, चूक तुमची नव्हती, परत या.

शुक्रवारी साहेब शेजारच्या सीटवर बसले, मास्तरीण मागे. चढावर थांबायला सांगितलं, मग निघायला सांगितलं. जाऊबाईंनी हँडब्रेक सोडला, क्लच अलगद उचलला. गाडी जागची हलेना. इंजिन चालू होतं, पण जड झालं होतं. मागे मास्तरीण पुढे झुकली. सांगायची तर सोय नाही.

जाऊबाईंनी क्लच पुन्हा दाबला, हँडब्रेक ओढला आणि साहेबांकडे मान वळवली. "साहेब, पाय उचला."

"काय?"

"ब्रेकवर पाय आहे तुमचा. तो काढा, मग चढवते."

साहेबांनी खाली पाहिलं. पाय खरंच तिथे होता. त्यांनी तो मागे घेतला, आणि म्हातारी चढ चढून गेली.

पास झाल्याचा कागद हातात घेऊन दोघी बाहेर पडल्या तर फाटकापुढच्या बसथांब्यावर मोठे भाऊजी उभे. कामावर जायचं सोडून निकाल बघायला आले होते, कबूल मात्र करणार नव्हते. जाऊबाईंनी गाडी त्यांच्यापुढे आणून थांबवली आणि काच खाली केली. ब्रेक दाबलेला होता आणि इंजिन संथ चालू होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "सोडू का कुठे?"

भाऊजी एकदा गाडीकडे, एकदा बायकोकडे बघत राहिले. मग मागचं दार उघडून आत बसले. पुढे शेजारच्या सीटवर बसलेल्या मास्तरणीने चपला काढल्या, दोन्ही पाय उचलले आणि ती मांडी घालून बसली.