डोणगावच्या ओळीवरची पट्टी

इंद्रभान गवई विमानाची जुनी, बाद झालेली पुस्तकं विकतात, असं सांगितलं की बुलढाण्यात लोक आधी हसायचे आणि मग विचारायचे, घेतं कोण? मीही हसलो होतो. पण १९६७ साली मी पोस्टात पार्सलच्या खिडकीवर कारकून होतो आणि त्यांची सगळी पार्सलं माझ्याच हातून जायची, त्यामुळे उत्तर मला आपोआप कळलं. मलकापूरच्या एका डॉक्टरांना जुन्या विमानांच्या चित्रांचा नाद होता. चिखलीचे एक मास्तर बांबूच्या काड्यांची विमानं करायचे, त्यांना मापं लागायची. नागपुरात विमान शिकणारी पोरं होती, त्यांना नवी पुस्तकं परवडत नव्हती. आणि काही खरे वैमानिकही होते. त्यांची गरज वेगळी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ठिकठिकाणी विमानं उतरवायला मैदानं सपाट केली होती, ती पुढे बंद पडली आणि तिथं गुरं चरायला लागली. नव्या पुस्तकात ही मैदानं नव्हती, ती फक्त जुन्या पुस्तकात सापडायची.

गवईभाऊ मूळचे देऊळघाटचे. विसाव्या वर्षी विमानदळात गेले, पण विमानात कधी बसले नाहीत. बारा वर्षं पुस्तकांच्या खोलीत काढली. तिथलं काम असं, की एखाद्या मैदानाची माहिती बदलली की वरून छापील कागदी पट्टी यायची. ती कापायची, त्या मैदानाच्या ओळीवर नेमकी चिकटवायची आणि शेजारी सही-तारीख घालायची. वैमानिक ती पट्टी वाचून खाली उतरणार, म्हणून ओळ चुकता कामा नये. हे मला ते इतक्या वेळा सांगायचे, की ते आले की आम्ही कारकून एकमेकांना डोळे मिचकावायचो. नोकरी सुटल्यावर लिलावात निघालेली चार पेट्या पुस्तकं त्यांनी घेतली आणि पोस्टामागच्या दोन खोल्यांत पत्नी केसरबाईंसोबत संसार मांडला. त्यातली एक खोली पुस्तकांचीच होती.

भाद्रपदातला गुरुवार होता. गवईभाऊ नेहमीप्रमाणे आठच्या सुमारास डाक घ्यायला आले. त्यांना एकच कार्ड होतं, अकोल्याहून आलेलं. ते मी आधीच वाचलेलं होतं. कार्ड वाचू नये हा नियम मला ठाऊक आहे, पण उघडं कार्ड न वाचणारा पोस्टाचा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. लिहिणारे गुलाबराव शिंगणे, कपाशीवर विमानातून औषध फवारणारे वैमानिक. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी मैदानांचं पुस्तक मागवलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, 'पुस्तक पोहोचले. डोणगावचे मैदान आठशे यार्ड आहे हे वाचून चिंता मिटली. गुरुवारी दुपारी तिथे उतरतो आहे.'

गवईभाऊंनी कार्ड दोनदा वाचलं आणि खिडकीची कड धरली.

"बाबू, डोणगाव चारशे हाय," ते म्हणाले. "आपल्या जिल्ह्यातलं एकच मैदान होतं त्या पुस्तकात. म्या कसा इसरीन? चारशे यार्ड, आन् त्याच्या पुढं नाला."

मी आतून अकोल्याच्या धावपट्टीवर ट्रंक कॉल लावला. तो लागेपर्यंत वीस मिनिटं गेली. तिकडून कोणीतरी सांगितलं की शिंगणेसाहेब विमान घेऊन पहाटेच निघाले, आधी दुसऱ्या गावाची फवारणी आणि तिथून परस्पर डोणगाव. मध्ये गाठायची काही सोय नव्हतीच. गवईभाऊ मागे वळले आणि घराकडे जवळजवळ पळत सुटले. मीही मागोमाग गेलो. खरं सांगतो, मला त्यांची काळजी होती तेवढीच माझीही होती. ते पार्सल मीच बुक केलं होतं, आणि माणूस मेला की कागद कुठून कुठे गेले हे विचारायला लोक येतातच.

केसरबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. गवईभाऊंनी विचारलं, श्रावणात पुस्तकांना ओल लागली तेव्हा ते मैदानांचं पुस्तक तू वाळवलं होतं का? त्या हो म्हणाल्या. पट्ट्या निघाल्या होत्या का? निघाल्या होत्या, सहा-सात. मग? मग त्यांनी मैद्याची खळ करून जिथल्या तिथं लावून टाकल्या होत्या. केसरबाईंना अक्षर येत नव्हतं. पट्टीच्या मागचा डाग आणि कागदावरचा डाग जुळवून त्यांनी जागा ठरवल्या होत्या. आपण नवऱ्याचं काम हलकं केलं अशा समजुतीनं त्या हे सांगत होत्या, आणि सांगता सांगता त्यांचा चेहरा पाहून थांबल्या.

"वाचता येत नाई तं हात काऊन लावला?" गवईभाऊ म्हणाले. "आज तुह्या हातानं माणूस मरून राह्यला."

मला तिथं उभं राहवेना. केसरबाईंनी सूप खाली ठेवलं. त्या दोघांना मी तोवर भांडताना पाहिलं नव्हतं, आणि हे भांडणही नव्हतं, एकानंच सगळं बोलून टाकलं होतं.

दिवसभराची रजा मागितली तेव्हा पोस्टमास्तर कुरकुरले, मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पावणेनऊची मेहकरची गाडी मिळाली. आयुष्यात एसटी इतकी हळू गेलेली मला आठवत नाही. चिखलीला ड्रायव्हर चहाला उतरला तेव्हा त्याच्या हातातून कप हिसकावून घ्यावासा वाटला. गवईभाऊ खिडकीतून आभाळाकडे बघत होते. ढग दिसला की विचारायचे, बाबू, काही आवाज येते का? मध्येच मला समजावायचे की छोटं विमान चारशेतही थांबतं, फक्त माणसाला ते आधी माहीत पाहिजे. आठशे समजून तो निवांत मध्यावर टेकवणार, आणि नाला दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल. हे त्यांनी मला चार वेळा सांगितलं. त्यांना कसं म्हणू की आता पुरे करा.

मेहकरला गाडी बदलली. डोणगावला उतरलो तेव्हा बारा वाजून गेले होते. फाट्यावरच्या पानवाल्यानं आम्ही विचारायच्या आधीच सांगितलं की विमान आलं, सारं गाव तिकडंच गेलं. कसं आलं, हे त्याला सांगता येईना. आम्ही शेतांमधून धावलो. मी तिशीच्या आतला, पण पंचेचाळिशीचे गवईभाऊ माझ्या पुढे होते.

लोकांचं कडं दिसलं, आणि त्या डोक्यांवरून विमानाची शेपटी. ती सरळ उभी होती. गवईभाऊ लोकांना बाजूला सारत आत शिरले.

नाल्यापासून वीसेक पावलांवर विमान थांबलं होतं. पंखाखाली गुलाबराव शिंगणे सिगारेट ओढत बसले होते. आम्ही कोण, हे सांगितल्यावर ते एकदम चिडले नाहीत. म्हणाले, उतरताना बांधावर धुणं वाळत घातलेलं दिसलं. धुणं आहे तिथं पाणी असणार, म्हणून अलीकडेच टेकवलं आणि सगळा जीव ब्रेकवर टाकला. त्या धुणं घालणाऱ्या बाईला साडी घेऊन द्यायची आहे.

गवईभाऊंनी हात जोडले. बायकोला वाचता येत नाही, तिनं पट्ट्या लावताना घोळ केला, तिच्या वतीनं माफी मागतो, असं ते सांगू लागले. गुलाबरावांनी विमानातून पुस्तक आणलं आणि पानं उलटली. मैद्याची खळ पांढरी दिसते. पांढऱ्या कडांच्या पट्ट्या त्यांनी एकेक दाखवल्या, सात होत्या. सातही आपापल्या ओळीवर होत्या, एकही इकडची तिकडे नव्हती. मग त्यांनी डोणगावचं पान काढलं. त्या पट्टीच्या कडा तपकिरी होत्या. तो सरकारी डिंक होता. चाकूच्या टोकानं त्यांनी पट्टी उचलली तेव्हा खाली छापलेला चारशेचा आकडा निघाला. पुस्तकात नावं अक्षरांच्या क्रमानं होती, आणि आठशेची पट्टी शेजारच्या ओळीची होती, दुसऱ्याच मुलखातल्या मैदानाची.

"आणि ही सही कोणाची?" गुलाबरावांनी विचारलं.

पट्टीशेजारी शाईनं दोन इंग्रजी अक्षरं होती आणि तारीख, सतरा मे एकोणीसशे चव्वेचाळीस.

गवईभाऊंनी पुस्तक हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. "माही," ते म्हणाले.

गुलाबरावांच्या तोंडून नंतर बऱ्याच शिव्या निघाल्या, त्या इथं लिहीत नाही. गवईभाऊंनी मान खाली घालून त्या सगळ्या घेतल्या.

परत यायला दिवेलागण झाली. मी घरी जाऊ शकलो असतो, पण त्यांनी माझी बाही सोडली नाही. केसरबाई सकाळच्याच जागी बसल्या होत्या. चूल पेटलेली नव्हती. त्यांनी आधी हेच विचारलं, की तो माणूस जिता आहे का. आहे, असं मी सांगितल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं. गवईभाऊ त्यांच्या समोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तुझ्या सातही पट्ट्या बरोबर होत्या, असंही म्हणाले.

केसरबाईंनी बाजूचं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. रागावतील असं मला वाटलं होतं, आणि रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चव्वेचाळीस साली लागली म्हनता पट्टी," त्या म्हणाल्या. "मंग त्या लढाईत तठी कोन कोन उतरलं असन?"

एकच पुस्तक थोडंच होतं, त्या दिवशी त्या खोलीत गवईभाऊंनी तीच पट्टी किती पुस्तकांत लावली असेल, हे तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी ते खिडकीवर आले ते पुस्तकाचं पार्सल घेऊन नव्हे. विमानदळाच्या जुन्या ठाण्याच्या नावानं एक पत्र होतं, रजिस्टर करायचं. डोणगावच्या मैदानावर चव्वेचाळीस सालानंतर कोणती विमानं उतरली आणि ती सुखरूप उतरली का, एवढंच त्यात विचारलं होतं. तेवीस वर्षांनंतर याला कोणी उत्तर देणार नाही, हे मला माहीत होतं, पण मी पत्र तोललं आणि तिकिटं फाडून त्यांच्यापुढं सरकवली. शेजारी डिंकाची बाटली होतीच. ते तिकिटांकडे पाहत राहिले आणि पाकीट माझ्याकडे परत ढकललं.

"तुमीच लावा, बाबू."