मराठीत नापास

लोधिवलीच्या कोंडाजीचा धाकलू मराठीत नापास झाला, तेव्हा गावाला आधी खरंच वाटेना. एकोणीसशे पंचविसाच्या सुमाराची गोष्ट. पोरगा इंग्रजीत पास, गणितात पास, इतिहासातल्या सगळ्या विलायती राजांनाही पुरून उरलेला. आणि माशी शिंकली ती मराठीत!

"मराटीत? आरं, जलमल्यापासून तीच बोलतोस ना?" कोंडाजी म्हणाला.

बोलत होता, तेच तर नडलं. निबंधात त्याने जागोजागी 'आमी', 'तुमी' लिहिलं होतं. एके ठिकाणी तर चक्क 'नाय'. रेल्वे लायनीवरच्या गावी तो शिकायला राहायचा; तिथल्या इंग्रजी शाळेत मास्तरांनी त्याचा पेपर मोठ्याने वाचून दाखवला आणि मुलं पोट धरून हसली. मॅट्रिकला कोणाला पाठवायचं, हे शाळेच्या परीक्षेवर ठरायचं. मॅट्रिकशिवाय कॉलेजचं दार उघडत नसे. धाकलूला पाठवलं नाही. त्याचं वर्ष गेलं.

"घरी बोलतोस तसं लिहितोस," मास्तर म्हणाले. "आधी घरचं बोलणं सुधार."

नापास केलं ते केलं, वर हा शहाणपणा. मला विचाराल तर त्या मास्तरांचीच जीभ हासडायला हवी होती, पण मला विचारतो कोण!

धाकलू पडला गुणी. शनिवारी घरी आला की तो पुस्तकातलं बोलायला लागला. त्याच्या आईला, जयवंताला, आधी गंमत वाटली.

"कुनाचा रं तू? पालन्यात बदललं का काय तुला?" म्हणून ती हसायची.

मग तो तिचं बोलणं सुधारू लागला. तुझं कानात बसतं आणि तेच पेपरात उतरतं, म्हणाला. तिने "भाकर हाय" म्हटलं की हा म्हणणार, "आहे, आई. आहे." लेकाचं कॉलेज आपल्या जिभेपायी अडलंय, हे त्या बाईने खरं मानलं. ताटात सुकट वाढताना ती थांबायची, मनात शब्द जुळवायची आणि शेवटी न बोलताच वाढायची. गोठ्यात म्हशीशी मात्र तोंडभर बोलायची.

"मुकी झालीस का गं?" कोंडाजी चिडायचा.

"पोराचा आब्यास हाय," ती हळूच सांगायची.

पुढच्या वर्षी शाळेने धाकलूला पाठवलं. तो मॅट्रिक झाला, आणि मराठीत शाळेत पहिला आला. कोंडाजीने गावभर गूळ वाटला. गावाला आनंद झाला, मलाही झाला, खोटं कशाला बोलू.

पुण्याच्या कॉलेजात जायच्या दिवशी धाकलू कोट घालून ओट्यावर उभा होता. चौकात जाऊन मोटार धरायची होती. जयवंताने भाकरीचं गाठोडं त्याच्या हातात दिलं. कित्येक महिन्यांत ती त्याच्याशी पुरतं वाक्य बोलली नव्हती. आज तिने ते घोकून ठेवलं असावं.

"तुमी परत कधी येणार?"

पोटच्या पोराला तुमी! खालापूरच्या कचेरीत कारकुनाला म्हणावं तसं. धाकलूला मात्र ऐकू आला तो फक्त गळलेला ह.

"तुमी नव्हे, आई," तो सवयीने म्हणाला. "तुम्ही."

जयवंताने मान डोलावली. पदर सावरून, अक्षर सांभाळत तिने म्हटलं,

"तुम्ही."