झुरळ हा शब्द

दीप्ती रंगारी जरीपटका वस्तीतल्या एका शाळेत वीसेक वर्षांपासून इतिहास शिकवत होती. नरसंहार हा विषय शाळेत आणि वस्तीत कसा शिकवावा, यासाठी काही शिक्षकांनी मिळून प्रकल्प हाती घेतला, तेव्हा तीही त्यात शिरली. सोबतीला मराठीचे प्रेमानंद सर होते. पेपर, सर्वेक्षण, निवडणुकीची कामं यांतून उरलेल्या वेळात दोघांनी नववीसाठी पाठ लिहिले. मुख्याध्यापिकांनी आधीच बजावलं होतं, "परदेशातलंच ठेवा हं. इथलं काही नको." वाद घालायची दीप्तीची उमेद केव्हाच सरली होती.

रवांडाचा पाठ चांगला रंगला. तिथं रेडिओवरून आधी शेजाऱ्यांना झुरळ म्हटलं गेलं, महिनोन्‌महिने तेच कानावर पडत राहिलं, आणि मग त्यांना मारणं लोकांना जड गेलं नाही, असं तिनं सांगितलं. वर्ग चिडीचूप होता. किती तरी दिवसांनी ती जरा समाधानानं घरी गेली.

पुढच्या आठवड्यात काजल शाळेत दिसेना. काजल उमरेडकडची, त्याच वर्षी आलेली. तिच्या गावाकडच्या 'मले-तुले'वर पोरं हसायची, हे दीप्तीला ठाऊक होतं. खुद्द दीप्तीनं हे शब्द कॉलेजात असतानाच जिभेवरून उतरवले होते.

मधल्या सुट्टीत सुरुची नावाची मुलगी हळूच जवळ आली. "मॅडम, वर्गाच्या ग्रुपवर तिला सगळे झुरळ म्हणतात. साहिलनं सुरू केलं."

"कधीपासून?"

"तुमचा तो तास झाला ना, तेव्हापासून."

दीप्तीनं कार्यालयातून काजलचा पत्ता घेतला.

संध्याकाळी ती काजलच्या घरी गेली. दारातच काजलची आई, प्रेमिलाबाई, मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"पोरगी धड जेवून नाही राहिली मॅडम. तुमी शिकवलं ते चांगलंच असन. पण मले सांगा, हा शब्द तिच्या वाट्याले काहून आला?"

"माझ्यामुळे आला," दीप्ती म्हणाली.

काजल आतून आली. "साहिलले शाळेतून काढतीन का?"

"नाही. मुख्याध्यापिका समज देतील फक्त."

"मंग मी कोणाजवळ बसू?"

"मी त्याच्याशी बोलतो," दीप्ती म्हणाली. कॉलेजात सोडलेलं ते गावाकडच्या बायकांचं 'बोलतो' तिच्या तोंडून आपसूक निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रेमानंद सरांना ती म्हणाली, "बंद करू आपण हे. माझ्यानं आता होत नाही."

सर म्हणाले, "बंद केलं तर पोरांच्या हाती तेवढा शब्दच राहील."

काजलची परवानगी घेऊन दोघांनी समाजभवनात पालकांना बोलावलं. आले थोडेच. नावं गाळून ग्रुपवरचे निरोप दीप्तीनं वाचून दाखवले. साहिलची आई, प्रीतीताई, म्हणाल्या, "पोरांची मस्करी आहे ही. एवढं काय त्यात?" दीप्तीनं पुढचा निरोप वाचला, त्याच्या पुढचा वाचला. शेवटी प्रीतीताईंनीच मान खाली घातली आणि "पुरे" म्हणाल्या.

साहिलनं माफी मागितली, जमिनीकडे बघत. काजल शाळेत परतली, पण दुसऱ्या तुकडीत. दीप्ती मॅडमचा तास तिथं नसतो, म्हणून तिनं ती मागून घेतली होती. व्हरांड्यात समोर आली की नमस्कार करते, थांबत नाही.

या वर्षी दीप्तीनं तो पाठ नव्यानं लिहिला. रेडिओ ऐकूनही शेजाऱ्यांना घरात लपवणारी माणसं त्यात आता आधी येतात. परवा नव्या नववीत तिनं 'झुरळ' हा शब्द उच्चारला. मागच्या बाकावर कोणी तरी फिसकन हसलं. तिनं खडू खाली ठेवला आणि थकलेल्या आवाजात विचारलं, "कोण हसलं, ते नका सांगू. शेजारी बसलेल्यानं काय केलं, ते सांगा."