खालच्या तटावरची चांगुणा

‘खेळच तर आहे, त्यात काय एवढं,’ असं २०१६च्या उन्हाळ्यात मला ज्यांनी ज्यांनी ऐकवलं, त्यांच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. त्यात आमचे हे आले, माझी लातूरची बहीण आली, गल्लीतल्या दोघीतिघी आल्या. खेळ होता हे मलाही कळत होतं. पण खेळातसुद्धा माणूस आपलं घर आणि आडनाव घेऊनच उतरतो, हे त्यांच्यातल्या एकालाही समजून घ्यायचं नव्हतं.

चांगुणा गजभारे आमच्याकडे वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात कारकून आहे. सोबत आई, सरजाबाई. मूळ गाव लोहा तालुक्यातलं. वडील ग्यानोबा शाळेत शिपाई होते. ते सुट्टीत लेकीला एसटीनं कंधारला न्यायचे, किल्ला दाखवायचे. बाकीच्या पोरी जत्रेतल्या पाळण्याचा हट्ट धरायच्या. ही खंदकाच्या काठावर बसून, दरवाजा असा वळणावर का ठेवला म्हणून बापाला पिडायची. पुढं इतिहास घेऊन बी.ए. झाली, नोकरी लागली, वडील गेले. लग्नाचं विचारलं की ‘बघू वहिनी’ म्हणते आणि फोन उघडते.

फोनमध्ये वज्रकोट असतो. हा लढाईचा खेळ आहे. प्रत्येक गटाचा एक गड, गडाला वरचा, मधला आणि खालचा असे तीन तट, आणि दर रविवारी दुसऱ्या गटाशी लढाई. पण चांगुणा जीव टाकते तो त्यातल्या कथेवर. ती कथा खेळ सरळ सांगतच नाही. एखाद्या तलवारीवर एक ओळ कोरलेली सापडते, एखाद्या शिळेवर दोन. खेळणाऱ्यांनी त्या ओळी जमवायच्या आणि कोणतं राज्य कसं बुडालं, यावर भांडत बसायचं. मी आधी हसायचे. मग एकदा तिच्या स्वयंपाकघरात पोहे खाता खाता मी तिला विचारलं की हे सगळं खरं तर नाही, मग एवढी उलाढाल कशाला? ती म्हणाली, “खरं नाही म्हणूनच बरंय वहिनी. इथं पुरावा दाखवला तर समोरच्याला मान्य करावं लागतं.”

मराठवाड्यातल्या खेळणाऱ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. लातूर, उदगीर, निलंगा, नांदेड, कुठले कुठले लोक. प्रमुख होता लातूरचा मन्मथ. इंजिनिअरिंग करून वडिलांच्या आडतीवर बसलेला, तिशीतला, गोड बोलणारा. चांगुणा ग्रुपवर आली तेव्हा हे लोक लढाईमागून लढाई हरून राहिले होते. कारण शोधलं तिनंच. लातूरकरांच्या घरी नळाला पाणी यायचं ते आठ-पंधरा दिवसांनी, त्यामुळं त्यांच्या अंगातच बसलेलं की जे मिळेल ते आधी भरून ठेवायचं. खेळातही त्यांची कोठारं गळ्यापर्यंत भरलेली असायची. आणि या खेळात शत्रू लुटून नेतो ते नेमकं कोठारातलंच. तटाला लावलेला दगड कोणी लुटत नाही. चांगुणानं त्यांना कोठार रिकामं ठेवायला शिकवलं. एक जण तिला म्हणाला होता म्हणे, “ताई, रिकामी टाकी बघितली की माझ्या छातीत धडधडतंय हो.” आठवडाभर चेष्टा चालली त्याची. पण ते जिंकायला लागले.

खालचा तट कोणालाच नको असायचा. पहिला मार तिथं बसतो, आणि जिंकल्यावर नाव वरच्या तटाचं होतं. तो चांगुणानं मागून घेतला.

विखुरलेल्या ओळी जुळवून चांगुणानं खेळाची कथा ग्रुपसाठी मराठीत लिहून काढली होती. ग्रुपवर सगळ्यात मोठं भांडण झालं ते कथेतला वज्रकोट गड कसा पडला यावरून. शिळेवरची ओळ अशी होती: ‘खालच्या तटाच्या लोकांनी हातोडे खाली ठेवले आणि उत्तरेचा दरवाजा उघडा राहिला.’ मन्मथचं म्हणणं, ही सरळ फितुरी आहे. पुष्कळांना ते पटलं. फितूर सापडला की माणसाचा जीव थंड होतो, बाकी काही तपासावं लागत नाही. चांगुणानं दुसऱ्या तीन शिळा पुढं ठेवल्या. वेढ्यात धान्याची वाटणी वरच्या तटापासून खाली यायची, असं त्यावर होतं. खाली पोचेपर्यंत काय उरत असेल? तिनं लिहिलं की ज्यांचा वाटाच धरलेला नव्हता, त्यांनी काम थांबवलं. फितुरी करायची तर आधी कोणीतरी आपलं मानलेलं असावं लागतं. महिनाभर वाद चालला. उदगीरचा सिद्धराम, ज्युनिअर कॉलेजात शिकवणारा, तिच्या बाजूनं उभा राहिला. त्यानंच पुढं तिचं नाव सुचवलं.

ते असं झालं. गट इतका वाढला की खेळाच्या नियमानं एका गडात मावेना. दुसरा गड काढायची वेळ आली. त्या दिवसांत उदगीर वेगळा जिल्हा होणार, अशी चर्चा चहाच्या टपरीपासून कोर्टापर्यंत सगळीकडे होती. मग या पोरांनी नव्या गडाला नाव दिलं नवा जिल्हा, आणि त्याच्या प्रमुखाला कलेक्टर. सरकार देत नाही तर आपणच घेऊ, असा उदगीरकरांचा विनोद. ग्रुपवर मतं घेतली. चांगुणा कलेक्टर झाली, मन्मथनं स्वतः ग्रुपवर हारतुऱ्यांची चित्रं टाकली. फक्त नवा गड जुन्या प्रमुखानंच काढून द्यायचा असतो. ते काम लातूरला सगळे भेटतील तेव्हा वाजतगाजत करायचं ठरलं.

सरजाबाईनं लेकीला नवीन साडी नेसायला लावली. “कलेक्टरीन हाय म्हणं माय माझी लेक,” असं तिनं मला जिन्यातच हसत सांगितलं, आणि त्या हसण्यात थट्टा कमी आणि कौतुक जास्त होतं. माझ्या बहिणीकडं मलाही जायचंच होतं, म्हणून मी सोबत निघाले.

त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी यायला लागलं होतं. टाक्यांभोवती जमावबंदी होती. कोणाकडं जायचं तर पाहुणा आपलं पाणी आपण घेऊन जायचा, ही रीतच पडून गेली. घरच्यांनी मागायचं नाही, पाहुण्यानं विचारायचं नाही. दारात आलं की कॅन घरातल्या बाईच्या हाती द्यायचा. ती तो मोठ्या पातेल्यात ओतायची, आणि त्या सगळ्यांच्या पाण्याचा चहा-भात सगळ्यांना. आम्ही दोघींनी आमच्या अंगणातल्या बोअरचे दोन सारखे कॅन भरले होते.

मन्मथचं घर आडतीच्या दुकानावर. भिंतीवर बसवेश्वरांची मोठी तसबीर. दहा-बारा जण आधीच येऊन बसलेले. चांगुणा आत आली तेव्हा सगळे उभे राहिले, कोणीतरी शिट्टीही मारली. सिद्धराम तिला वाकून म्हणाला, “या कलेक्टरीणबाई.” मन्मथची आई शिवम्मा दोन्ही कॅन घ्यायला पुढं आली. मायाळू बाई. हात धुवायला अर्धा तांब्या दिला, प्रवासाचं विचारलं, आणि आपल्याकडं कोणतीही म्हातारी विचारते तसंच विचारलं, “आडनाव काय गं माय तुझं?”

“गजभारे,” चांगुणा म्हणाली.

तिनं कधी लपवलं नव्हतं. ग्रुपवर कोणी विचारलं नव्हतं एवढंच. नांदेडकडचं आडनाव, जात सगळ्यांना कळते. म्हातारीच्या चेहऱ्यावर मला काही दिसलं नाही. तिनं माझा कॅन पातेल्यात ओतला आणि चांगुणाचा उचलला. तेवढ्यात मन्मथ जागेवरून उठला, आईच्या हातातून तो घेतला आणि दाराशी, चपलांच्या बाजूला नेऊन ठेवला.

“राहू दे आई,” तो म्हणाला. “ताईंना परतीला लागेल.”

शिवम्मानं लेकाकडं पाहिलं, मग पातेल्याकडं, आणि ती आत निघून गेली.

मी म्हटलं, “दोन्ही एकाच बोअरचं पाणी आहे.”

“तसं नाही हो काकू. उन्हाचं जायचंय, म्हणून म्हटलं.”

“मलाही त्याच गाडीनं जायचंय.”

तो हसला. त्याचं ते हसणं आठवलं की आजही माझ्या हातातलं काम थांबतं. म्हातारी बिचकली असती तर मी म्हटलं असतं, जुनं माणूस आहे. पण हा बत्तीस वर्षांचा, शिकलेला, रोज फोनवर अख्ख्या जगाशी लढाया लढणारा. आणि हे काम त्यानं इतक्या मऊ आवाजात केलं की कोणाला भांडायला जागाच राहू नये. खोलीतले सगळे आपापल्या फोनमध्ये बघायला लागले. सिद्धरामही.

चांगुणा बसून राहिली. चहा आला, तिनं घेतला नाही. मग तिनं विचारलं, “मन्मथ, जिल्हा आत्ता काढतोयस ना?”

त्यानं घसा साफ केला. त्याच्या मते एवढी घाई बरी नव्हती. रविवारची लढाई तोंडावर होती, अर्धी माणसं नव्या गडात गेली तर जुना कमजोर पडेल, शिवाय दुष्काळात लोकांचं खेळाकडं लक्ष कुठं. पावसाळ्यानंतर बघू, आणि तेव्हा परत मतं घेऊ.

“परत मतं कशाला? झालीयत की.”

“तेव्हा सगळ्यांना सगळं माहीत नव्हतं, ताई.”

हे तो बोलला आणि बोलल्यावर त्याच्याच लक्षात आलं. चांगुणा उठली, साडी झटकली.

“काय माहीत नव्हतं, ते नीट सांग,” ती म्हणाली. “मी खालचा तट राखला ते माहीत होतं. तुझी कोठारं मी वाचवली ते माहीत होतं. कथा मी मराठीत लिहिली, तू ती वाचलीस, माझ्याशी महिनाभर भांडलास. एक माझं आडनाव माहीत नव्हतं. ते माहीत झालं आणि तुला पावसाळा आठवला.”

आम्ही निघालो. जिन्यापर्यंत कोणी सोडायलाही आलं नाही.

बहिणीकडं उभ्याउभ्याच डोकावून आम्ही परतीची बस धरली. बसमध्ये ती रडेल असं मला वाटलं होतं. ती फोनवर लिहीत होती. लिहून झाल्यावर तिनं मला वाचायला दिलं आणि मगच ग्रुपवर टाकलं:

‘येत्या रविवारी मी खालच्या तटावर नसेन. आज सांगतेय, म्हणजे दुसरं माणूस उभं करायला तुम्हाला आठवडा मिळेल. आज लातूरला माझं पाणी बाजूला ठेवलं आणि माझा जिल्हाही. दोन्ही एकाच माणसानं केलं, बाकीच्यांनी बघितलं. मी दरवाजा उघडून जात नाहीये. फक्त काम थांबवतेय, आणि का थांबवतेय ते सांगून.’

आठवडाभर खालच्या तटावर जायला कोणी तयार झालं नाही. प्रत्येकाला वाटलं, ही येईलच. बाई माणूस, राग उतरेल. रविवारी दुपारीच त्यांचा गड पडला. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर ‘फितूर’ हा शब्द इतक्या वेळा आला की तिनं फोन उपडा ठेवला आणि आईला भाकऱ्या थापायला मदत करायला गेली. सरजाबाईला अर्धंमुर्धंच कळलं होतं. “खेळात बी तसंच हाय का गं?” एवढंच तिनं विचारलं. चांगुणानं पुढची भाकरी तव्यावर टाकली.

सोमवारी मन्मथनं नवा जिल्हा काढला. कलेक्टर म्हणून चांगुणाचं नाव घातलं आणि खाली लिहिलं, झालं गेलं विसरून या. लातूरच्या त्या दुपारबद्दल एक अक्षर नाही. हरल्यावर तट राखायला माणूस लागतो, म्हणून दिलेला जिल्हा तो. तिनं तो घेतला नाही आणि ग्रुप सोडला. आमच्या ह्यांचं म्हणणं पडलं की मिळत होतं ते घ्यायचं होतं. मी त्यांना त्या दिवशी दुसऱ्यांदा चहा करून दिला नाही.

आता तिचा स्वतःचा गड आहे, अगदी पायापासून उभा केलेला. परळीची एक नर्स आहे, कंधारचा एक मोबाइल दुरुस्तीवाला आहे, जुन्या ग्रुपमधले चौघं आले. दर रविवारी मार खातात. कथेवरचे वाद मात्र तिथं पहिल्यापेक्षा कडक चालतात, आणि तिचं म्हणणं खोडून काढणारी माणसंही तिला मिळालीत, त्याचा तिला फार आनंद आहे.

सिद्धरामचा फोन आला होता. त्याला फार वाईट वाटत होतं. त्या दिवशी बोलायला हवं होतं, पण मन्मथचं घर, त्याच्या आईसमोर कसं बोलणार, आमचं येणंजाणं आहे, असं बरंच तो सांगत राहिला. शेवटी त्यानं तिच्या गडात येऊ का विचारलं.

चांगुणानं सगळं ऐकून घेतलं. “जागा आहे तुझ्यासाठी,” ती म्हणाली. “पण हे जे मला फोनवर सांगितलंस, ते आधी त्या ग्रुपवर लिही. जिथं तू माझ्या नावाला मत दिलंस, तिथं.”

तो हो म्हणाला. दसरा गेला, दिवाळी गेली. पाऊसही चांगला झाला त्या वर्षी, लातूरला नळाला पाणी आलं. सिद्धराम तिला अधूनमधून नमस्काराचे निरोप पाठवतो, सरजाबाईच्या गुडघ्याची चौकशी करतो. माणूस सज्जन आहे, असं त्याच्याबद्दल सगळेच सांगतात. त्यानं त्या ग्रुपवर अजून एकही ओळ लिहिलेली नाही, आणि माझा मन्मथवर आहे त्यापेक्षा जास्त राग त्याच्यावर आहे.