सुलभाच्या आईची कोंबडी

हे बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही — आणि बायकोला मी न घडलेल्याही पुष्कळ गोष्टी सांगितल्या आहेत.

पेडण्यात विचारा, मी थाप मारू लागलो की मांद्र्याचा समुद्र ऐकायला वर सरकतो म्हणतात. म्हणतात म्हणजे — मीच म्हणतो. आता थकलोय. जन्मभर संप्रेरकांवर काम केलं. मेंदूतून शरीराला निरोप जातात, ते कोण धाडतं, कशाने थांबतात, हे कोंबड्यांच्या मेंदूत शोधत बसलो. असला रुक्ष विषय लोकांच्या गळी उतरवायचा तर गोष्ट नको का? माझ्याकडे एक होती.

आमच्या आईची कोंबडी खुडूक झाली. अंड्यांवरून उठेना. आईने तिला बादलीतल्या पाण्यात पोटापर्यंत धरलं. असं काही दिवस केल्यावर कोंबडी अंडी विसरून अंगणात चरू लागली. आणि मला, एवढ्याशा पोराला, तिथेच उमगलं — बसून राहा हा निरोप मेंदूला डोळ्यांकडून नाही, पोटाच्या उघड्या कातडीकडून मिळतो. माझं सगळं नाव या गोष्टीवर उभं आहे.

आमच्या घरात कोंबडी कधी नव्हती. अंडंसुद्धा चालत नसे.

कोंबडी सुलभाच्या आईची, डिचोलीची. सुलभा माझ्याच प्रयोगशाळेत, शेजारच्या स्टुलावर. मेंदूचे पातळ काप काचेवर घेऊन रंगवायचे, हे वेळखाऊ काम. हात चालायचे आणि ती घरचं बोलत राहायची. कल्पना तिची. अंडी समोर ठेवून कोंबडीच्या पोटाला फडकं बांधायचं, हा प्रयोगही तिचाच. मी? मी कोंबडी धरली.

मग कायमची जागा निघाली — एकच. मुलाखतीला दोघंही गेलो. मी आधी आत. कल्पना सुचली कशी, त्यांनी विचारलं. तोंडातून निघून गेलं, असं म्हणू का? नाही म्हणता येत. मुलाखतीला जाताना बस म्हापशाला पोचायच्या आतच मी मनात ती बादली आमच्या घरची, पितळेची करून ठेवली होती.

नंतर सुलभा आत गेली. तिलाही तेच विचारलं असणार. दाराबाहेर मला हसणं ऐकू आलं.

परतताना ती म्हणाली, "आवयची गोष्ट त्यांना फट वाटली रे, निव्वळ थाप. पुढे काही विचारलंच नाही."

"गाढवं ती," मी म्हणालो. तिला शहाळं पाजलं. — हे सगळ्यात वाईट, नाही? त्या दिवशी खोटं बोललो ते एकदा. समजूत घातली ती मात्र पार डिचोलीपर्यंत.

जागा मला मिळाली. सुलभा तुयेच्या एका औषधाच्या कारखान्यात गोळ्या तपासायला लागली. मेंदूचा काप तिने पुन्हा पाहिला नाही.

मी ती गोष्ट सांगतो, हे तिला कधीचंच कळलंय. तिला वाटतं, नंतर कधीतरी गंमत म्हणून उचलली. त्या दिवशी, तिच्या आधी, त्याच खोलीत सांगितली — हे ठाऊक नाही. चवथीला अजून हक्काने बोलावते. खतखतं वाढता वाढता पंगतीत विचारते, "काय रे, आमच्या आवयची कोंबडी पेडण्याला कधी पळवलीस?"

पंगत हसते. मीही हसतो. आणि पान पुढे करतो.