टिकल्यांचा नकाशा आणि आंब्याची गाडी

त्या वर्षी मी गावच्या शाळेतून भारताचा नकाशा मागून आणला, माजघराच्या भिंतीला लावला आणि करोना जिथे पोचला तिथे कपाळाची लाल टिकली चिकटवायला लागले. पहिली केरळवर. मग दिल्ली, मग राजस्थान. टीव्हीवर जिल्ह्यांचे रंग दाखवत होतेच, पण त्यांच्यावर माझा विश्वास नव्हता. नणंद सुरतेला, मावसभाऊ इंदूरला. त्यांना फोन करून मी खात्री करायचे, आणि टीव्हीवरचा हिरवा जिल्हाही माझ्या भिंतीवर लाल व्हायचा. आमचे हे म्हणायचे, "तुला पोलिसात घ्यायला हवी व्हती."

स्वभावच संशयी. शेजारीण खोकला लपवायला मिक्सर लावते असं मला वाटायचं, अजूनही वाटतं. पण तेव्हा संशयाला कारण होतं. सासऱ्यांना जुना दमा. हा आजार घरात शिरला तर ते निभावणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

मुंबईवरच्या टिकल्या एकमेकींवर चढल्या, तेव्हा धाकटा दीर तिथून आला. हायवेवरच्या हातखंब्यापर्यंत कुठल्यातरी टेम्पोतून, पुढे चालत. मी त्याला अंगणाच्या दगडी गडग्यापाशीच अडवलं.

"वयनी, बाबांना लांबनं तरी बघू दे."

"आधी चौदा दिवस भरू देत, भावोजी."

तो बागेतल्या राखणीच्या खोपीत राहिला. सासऱ्यांना आम्ही सांगितलंच नाही. कळलं असतं तर काठी टेकत तिकडे गेले असते. धाकट्याचा फोन आला का, असं ते रोज विचारायचे. जेवणाचं ताट मी गडग्यावर ठेवायचे आणि तो खोकतो का ते झाडाआडून ऐकायचे. एकदाही खोकला नाही. त्याचाही मला संशय आला. त्याचे दिवस भरले तरी मी आज-उद्या करत राहिले.

आंबा मात्र जात होता. माणसांना बंदी, आंब्याला पास. आमचे हे पेट्या घेऊन हातखंब्याला जायचे, मुंबईहून आलेल्या गाडीत चढवायचे, ड्रायव्हरबरोबर केबिनमध्ये चहा घ्यायचे आणि घरी येऊन बापाला औषध द्यायचे. गावाने रस्त्यावर ओंडके टाकून चाकरमान्यांना शाळेत कोंडलं होतं. आंब्याची गाडी आली की तेच लोक ओंडके बाजूला ओढायचे. आंबा म्हणजे घरचा. त्याच्यावर कोण संशय घेणार?

एका सकाळी उठले तर घर घमघमत होतं. गवतात पिकत घातलेली आंब्यांची अढी तयार झाली होती. आमच्याकडे अढी हेच हुंगतात. नुसत्या वासावर कुठला थर आज काढायचा ते सांगतात, आणि त्यात चुकत नाहीत. हे वाकले, एक आंबा नाकाशी धरला.

"अजून वासच नाय. चार दिस जातील."

मी बोट रुतेल इतका पिकलेला दुसरा आंबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी हुंगला, परत हुंगला, आणि त्यांनाही कळलं.

आम्ही दोघं तशीच घराबाहेर पडलो. आता सासऱ्यांजवळ बसू शकेल असा एकच माणूस उरला होता, आणि त्याला मीच बाहेर ठेवला होता. खोपीशी लांब उभी राहून मी त्याला सगळं सांगितलं. वाटलं, आता हा चार शब्द ऐकवेल. त्याने ऐकवले असते तर बरं वाटलं असतं. त्याने विहिरीवर आंघोळ केली आणि थेट घरात गेला.

सासरे त्यातून वाचले, हे आज माहीत आहे. तेव्हा मी पदराने तोंड दाबून त्यांच्या खिडकीबाहेर उभी होते. आतून त्यांचा आवाज आला.

"कवा आलास रं?"

"आत्ताच, बाबा," तो म्हणाला. "थेट तुमच्याकडंच आलो."