जावई, कार्बनची सायकल आणि अर्धं हँडल

सासुरवाडीला जावयानं रिकाम्या हातानं जाऊ नये हे खरं. पण हातात सायकलचं अर्धं हँडलही नेऊ नये, असं माझं अनुभवाचं मत आहे.

मी तेव्हा कारेगावच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. (म्हणजे नट-बोल्टचे पाने दुसऱ्यांना द्यायचे, आपण वापरायचे नाहीत.) तिथल्या एका साहेबांची बदली झाली आणि त्यांची कार्बनची सायकल मी विकत घेतली. कापसाची असावी इतकी हलकी! साहेबांनी बजावलं, "हँडलचे बोल्ट जोर लावून आवळू नका, कार्बन तडकतं. टॉर्क रेंच वापरा. बोल्ट पुरेसा आवळला की तो पाना टक् वाजतो, तिथं थांबायचं."

मी मान हलवली. पण मनानं केव्हाच दौंडला पोचलो होतो. तिथं माझे सासरे आबा, रेल्वेतून रिटायर झालेले. जावई म्हणजे खुर्चीत बसून फुगणारा प्राणी, हे त्यांचं ठाम मत. आमच्या घरून, शिरूरहून, सायकलवर जाऊन ते खोडायचं, हे स्वप्न मी दिवसाउजेडी बघत होतो.

निघायच्या आदल्या दिवशी हँडलवर भार दिला, तर ते जरासं खाली फिरलं. टॉर्क रेंच? एवढ्याशा बोल्टला? मी एलन-कीला, म्हणजे बोल्टच्या त्या वाकड्या किल्लीला, लोखंडी पाइप अडकवला आणि चक्क लोंबकळलो!

"अहो, बास की!" माझी बायको सुनंदा ओरडली.

"ढिलं राह्यलं म्हंजी?"

कर्रर्र!

"बघ, बसलं जागेवर!"

"बसलं का तुटलं?"

"तुला न्हाई कळायचं त्यातलं."

सकाळी सुनंदा एसटीनं पुढं गेली, मी सायकलवर निघालो. इनामगावच्या अलीकडं घोड नदीवरचं धुकं रस्त्यावर सांडलं होतं. दोन्हीकडं ऊस हळूहळू डुलत होता. चाकं रस्त्याला टेकतायत की नाही तेच कळेना! माझे डोळे आपोआप मिटले. आबा दारात उभे... सासूबाईंच्या हातात ओवाळणीचं ताट... आबांचे डोळे पाणावलेले... मी वाकून नमस्कार केला.

कट्ट!

नमस्कार जरा जास्तच खोल गेला. डोळे उघडले तेव्हा मी नुकत्याच पाणी दिलेल्या कांद्याच्या वाफ्यात होतो. हँडलचा उजवा तुकडा हातात, सायकल माझ्या अंगावर. मेंढ्या भरलेला एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर धावत आला.

"काका, लागलं का?"

"न्हाई."

"मग असं पालथं का पडलाय?"

"सासऱ्यांना नमस्कार करत व्हतो."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. सासरे कुठंच नव्हते. "डोक्याला लागलंय," असं स्वतःशीच म्हणत त्यानं मला सायकलीसकट मेंढ्यांत बसवलं आणि थेट दौंडला, आबांच्या दारात आणलं.

सुनंदानं आधीच वर्दी दिली होती, त्यामुळं अख्खी गल्ली दारात जमलेली! आबांच्या हातात हार. टेम्पोचं फळकं खाली पडलं. चिखलानं माखलेला मी मेंढ्यांच्या मधून उठायची धडपड करत होतो. आबांनी एकेका तोंडावरून नजर फिरवली आणि ड्रायव्हरला विचारलं,

"ह्यातलं आमचं कंचं?"

(मी हात वर केला. हँडलसकट.)

हाराकडं माझ्याआधी एका मेंढीनं मान पुढं केली, आणि तो तिलाच मिळाला.

पुढं पुण्यातल्या दुकानात नवं हँडल बसवलं आणि टॉर्क रेंचही घेतला. दुकानदारानं तो माझ्या हातात ठेवला. सुनंदानं तिथल्या तिथं काढून घेतला. आता आमच्या घरात बोल्ट ती आवळते, मी सायकल धरतो. टक् वाजलं की "थांब" म्हणायचं काम मात्र माझ्याकडं आहे. ती आधीच थांबलेली असते. पण मला बरं वाटावं म्हणून म्हणू देते.